बारा मावळ्यांचा खेळ



वैशाखाचा उकाडा, डोक्यावर कुरकुरणारे पंखे आणि घरोघरी रंगात आलेले क्रिकेटचे सामने, एवढे सगळे सोसून आणि सोडून आपण येथे आलात, याबद्दल आधी आपले आभार मानतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्या रोपाच्या फांद्या आता आपल्या उपनगरांपर्यंत पोचल्या आहेत. इतक्या थोर घराण्यातल्या व्यासपीठावर उभा राहून मी आज खेळण्यांविषयी बोलणार आहे. चिटणीसांनी मला भीतभीत विचारले होते, "विषय लहान मुलांचा वाटणार नाही ना?" मी म्हटले, वाटेल, आणि वाटू द्या. लहान मुले जे हाताने करतात ते त्यांच्या डोक्यात जन्मभर राहते. आम्ही मोठी माणसे जे भाषणातून सांगतो ते बहुधा मंडपाच्या दारापर्यंतही टिकत नाही.

दिवाळीतला किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी केलेला असेल. सहामाही परीक्षा संपली की विटा, दगड, फुटकी मडकी गोळा करावयाची, त्यांवर गोणपाट टाकावयाचे, गोणपाटावर चिखल थापावयाचा, हळीव किंवा मोहरी पेरावयाची, आणि चार दिवसांनी डोंगर हिरवा दिसू लागला की बाजारातून आणलेली चित्रे मांडावयाची. माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज, दरवाजावर भालदार, पायथ्याशी गवळण आणि भाजीवाली, आणि कोणाच्या तरी घरातून आलेला प्लॅस्टिकचा वाघ. मुलुंड-घाटकोपरच्या चाळींच्या अंगणांत आणि अंधेरी-बोरिवलीच्या वाड्यांत असे किल्ले दर वर्षी उभे राहत.

अंगण गेले तसा किल्ला आक्रसला. चाळीच्या जागी मनोरा आला आणि मातीच्या जागी फरशी आली. एका सोसायटीत, मी नाव सांगत नाही, मुलांनी तळमजल्याच्या कोपऱ्यात किल्ला केला, तेव्हा दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली की आवारात माती आणू नये. मुले रडली नाहीत. त्यांनी किल्ला उचलला आणि घरात टेबलावर नेला. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, एवढेच काय ते राज्य. माझ्याकडे रंग असतात ही बातमी त्यांना कशी लागली कोण जाणे, पण ती माझ्याकडे आली, आणि माझी व त्यांची ओळख झाली.

टेबलावर गेल्यामुळे एक गंमत झाली. अंगणातल्या किल्ल्याकडे आपण वरून पाहतो, देवळातल्या मूर्तीकडे पाहावे तसे. टेबलावरचा किल्ला डोळ्यांच्या पातळीला येतो. एका मुलाने हनुवटी टेबलाच्या कडेवर टेकली, एक डोळा मिटला आणि तो म्हणाला, "या मावळ्याला खालचा शत्रू दिसतच नाही. मधे टेकडी येते." आणि मग त्याने तो प्रश्न विचारला ज्याच्यामुळे मी आज येथे उभा आहे. तो म्हणाला, "आजोबा, हे सगळं मांडलं, पण आता खेळायचं काय?"

मंडळी, आपण तीनशे साडेतीनशे वर्षे ज्या इतिहासाचा अभिमान बाळगतो त्याचे देखावे आपण पुष्कळ केले. त्याचा खेळ केला नाही. देखाव्यात आणि खेळात फरक असा की, देखाव्यात शेवट ठरलेला असतो आणि खेळात तो तुमच्या हातात असतो. देखाव्यात मावळा नेहमी तलवार उगारलेलाच. ती तलवार कधी उगारावी आणि कधी म्यानात ठेवावी, हे देखावा सांगत नाही.

खेळावयाचे ठरले. पण कोणती लढाई? मुलांनी एकमुखाने नेसरी सांगितली. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. त्या सातांच्या स्मृतीला कोणीही मराठी माणूस हात जोडील. पण मी मुलांना म्हटले, सात विरुद्ध हजारो, यात खेळ तो काय करणार? फासा कसाही पडो, शेवट एकच. त्या सातांच्या पायी डोके ठेवू, पण शिकायला दुसरीकडे जाऊ. आणि मी त्यांना उंबरखिंडीचे नाव सांगितले. आठ मुलांपैकी एकालाही ते माहीत नव्हते. सहलीच्या निमित्ताने खोपोलीपर्यंत ती जाऊन आलेली होती. घाटकोपर-मुलुंडवरून धावणारी लोकलच त्यांना तेथे घेऊन गेली होती. खोपोलीहून पालीच्या बाजूला, अंबा नदीच्या खोऱ्यात, चावणी गावाजवळ ही खिंड आहे. तेथे आता स्मारकही आहे.

हकीगत थोडक्यात सांगतो. १६६१ सालचा फेब्रुवारी महिना. शाइस्तेखान पुण्यात तळ देऊन बसलेला. त्याने कारतलबखान नावाच्या उझबेक सरदाराला कोकणात उतरून मुलूख काबीज करावयास धाडले. बरोबर माहूरची रायबागन होती. बादशाही चाकरीत नाव मिळवलेली ही शूर आणि शहाणी बाई. खान लोहगडाच्या बाजूने कुरवंडे घाटाने खाली उतरला आणि खिंडीतल्या दाट रानात शिरला. वाट एवढी अरुंद की पुढच्याला मागचा दिसू नये. खाली दमट उष्मा, वारा नाही, घोटभर पाणी मिळण्याची मारामार. दोन्ही अंगांच्या डोंगरांवर महाराजांचे लोक आधीच दबा धरून बसलेले. फौज पुरती आत आल्यावर पुढची वाट अडली, मागचीही अडली, आणि वरून बाण, गोळ्या व दगड येऊ लागले. परमानंद कवींद्रांनी शिवभारतात हा प्रसंग वर्णिला आहे. रायबागनने खानाला बोल लावला की या रानात शिरलास हीच चूक केलीस, आणि आता शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने तो ऐकला. महाराजांनी अभय दिले. सामानसुमान टाकून, खंडणी कबूल करून मोगल फौज जिवानिशी परत गेली.

या लढाईत कोणी बुरुजावरून उडी टाकली नाही, कोणाचा हात तुटूनही लढला नाही. म्हणूनच कदाचित तिचा देखावा होत नाही. पण कितीतरी पट मोठी फौज थोड्या माणसांनी, थोड्या रक्तात, परत पाठवली हे केवढे मोठे कर्तृत्व! गनिमी कावा हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. त्याचा अर्थ मला तरी असा लागतो: आपली माणसे मोजकी आहेत हे ज्याला क्षणभरही विसरता येत नाही, त्याचे युद्धशास्त्र.

आता हे टेबलावर आणावयाचे कसे? पहिला प्रश्न माणसांचा. बाजारातली चित्रे उपयोगाची नव्हती. ती देखण्यासाठी घडवलेली असतात. त्यांत मावळा बुरुजापेक्षा उंच आणि महाराज डोंगरापेक्षा मोठे. देखाव्यात हे शोभते. आपल्या शिल्पकारांनीही नायकाची मूर्ती इतरांपेक्षा मोठीच कोरली. पण खेळात कोणाला कोण दिसतो, हे मापाने ठरते. जगभर या खेळासाठी जी माणसे घडवतात त्यांत पायापासून डोळ्यापर्यंत २८ मिलिमीटर हे माप रूढ आहे. आम्ही तेच घेतले. आपल्या अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा उंच माणूस म्हणा ना.

परदेशात अशा माणसांचा मोठा व्यापार आहे. इंग्लंडात १८९३ साली ब्रिटन नावाच्या कारखान्याने पोकळ शिशाचे शिपाई ओतावयास सुरुवात केली आणि घरोघरी ते पोचले. पुढे शिसे विषारी म्हणून मागे पडले आणि प्लॅस्टिक आले. आज या व्यवसायाचे एक मोठे ठाणे नॉटिंगहॅम येथे आहे, म्हणजे रॉबिन हूडच्या गावात. तोही गनिमी काव्याचाच माणूस. तेथल्या पेट्यांत काल्पनिक राक्षस आणि अंतराळवीर मिळतात, मावळे मिळत नाहीत. अलीकडे त्रिमिती छपाईच्या यंत्रावर हवी ती बाहुली छापून मिळते, आणि अंधेरीतल्या एका मुलाच्या काकांकडे असे यंत्र होतेही. पण मी हट्टाने नाही म्हटले. त्याचे कारण पुढे सांगतो.

आम्ही वायरमनच्या टाकाऊ तुकड्यांतली तांब्याची तार घेतली. एक तार वाकवून दोन पाय, दुसरी पिळून दोन हात, वर डोक्यासाठी वेटोळे. झाला हाडांचा सापळा. त्यावर मांस चढवावयास नळदुरुस्तीचे एम-सील. दोन रंगांच्या वड्या सारख्या प्रमाणात घेऊन मळावयाच्या. तासाभराच्या आत ते घट्ट होऊ लागते, म्हणून एका वेळी हरभऱ्याएवढेच मळावे. हत्यार म्हणजे गोधडी शिवायची सुई, पाण्यात बुडवून घेतलेली. आधी छाती आणि मांड्या, त्या वाळल्यावर दुसऱ्या दिवशी अंगरखा, तिसऱ्या दिवशी कमरबंद आणि पागोटे. घाई करणाऱ्याच्या बोटाचा ठसा मावळ्याच्या पाठीवर कायमचा उमटतो. आमच्या बारांपैकी तिघांच्या पाठीवर तो आहे.

बारा माणसे केली. तिघांजवळ धनुष्य, तिघांजवळ तोड्याची बंदूक, दोघांकडे गोफण, चौघांकडे ढाल-तलवार. गणवेश सगळ्यांना सारखा करू नका, असे मी सांगितले. स्वराज्याच्या पायदळाला शिंप्याने एका मापाचे कपडे शिवून दिलेले नव्हते. रंग देण्याचा क्रम नव्याने या छंदात पडणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. आधी सगळ्या अंगाला एक गडद हात. तो वाळला की पातळ रंगाचे दोन थर, जाड एक नव्हे. मग तपकिरी शाई पाण्यात कालवून वरून सोडावयाची. ती घड्यांच्या खाचांत जाऊन बसते आणि सावली आपोआप पडते. शेवटी कुंचल्यावर फिका रंग घेऊन तो फडक्यावर जवळजवळ पुसून टाकावयाचा आणि उरलेल्या रंगाचा कोरडा हात उंचवट्यांवरून फिरवावयाचा. एवढ्याने इंचभराच्या माणसाला ऊन लागते. शाई आमच्या दांडेकरांची. १९३१ साली गिरगावात शाईच्या पुडीपासून निघालेला तो कॅम्लिनचा कारखाना पुढे अंधेरीपर्यंत वाढला. आता त्यात जपानी भागीदार आले आहेत. शाई मात्र अजून तशीच घड्यांत उतरते.

खानाच्या बाजूची चोवीस माणसे आणि सहा बैल करावयाची वेळ आली तेव्हा मुलांचा उत्साह ओसरला. "मरणारच आहेत, डोळे कशाला काढायचे?" असे एकजण म्हणाला. मी काम थांबवले. म्हटले, या चोवीसांपैकी प्रत्येकाच्या हातात काहीतरी निराळे असल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही. मग कोणी हुक्का केला, कोणी पायाला चिंधी बांधलेला म्हातारा केला, आणि मुलुंडच्या एका मुलीने पखालवाला केला, पाठीवर पाण्याची पखाल घेऊन वाकलेला. हा पखालवाला पुढे फार महत्त्वाचा ठरला.

माणूस झाला, तो उभा राहावयास हवा. गाण्याला बैठक लागते, मल्लाला बैठका लागतात, आणि मूर्तीलाही बैठक लागते. या छंदात बैठकीला अर्धे महत्त्व आहे. पायदळाला पंचवीस मिलिमीटर व्यासाची गोल बैठक पुरते. आम्ही त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वॉशर घेतले. त्याचे वजन खाली राहते, माणूस कलंडत नाही, आणि पत्र्याच्या डब्याच्या तळाला लोहचुंबकाची पट्टी लावली की सगळी फौज रिक्षातूनही न हलता जाते. वॉशरच्या भोकावर पुठ्ठ्याची चकती, चकतीवर फेविकॉल, आणि त्यावर जमीन.

जमीन कुठली? मुलांनी हिरवेगार गवत काढले होते. मी त्यांना विचारले, फेब्रुवारीत खोपोलीच्या मागचे डोंगर कसे दिसतात? मग त्यांना आठवले. पिवळे वाळके गवत, तांबूस माती, पानगळ. मुरूम आणि खडीची कच आणावयास लांब जावे लागले नाही. उपनगरात दर चौथ्या इमारतीचे बांधकाम चालू असते. पानगळीसाठी चहाचा चोथा. तो धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून फेविकॉलवर भुरभुरला की जंगलाच्या तळाचा पाचोळा हुबेहूब उतरतो. दगड म्हणून विटेचा कपचा, कारवीच्या काटक्या म्हणून केरसुणीचे हीर. आणि येथे मी एक अट घातली. मावळ्यांच्या आणि मोगलांच्या बैठका एकाच मातीच्या करावयाच्या. एका मुलाला हे पटले नाही. त्याचे म्हणणे, आपली माती वेगळी. मी म्हटले, खिंड एकच आहे रे. माती दोघांच्याही पायांखाली तीच होती. एकाला ती ठाऊक होती, दुसऱ्याला नव्हती, एवढाच फरक. आणि लढाई त्या फरकानेच जिंकली.

डोंगर पुठ्ठ्याच्या थरांचे केले आणि वर कागदाचा लगदा थापला. सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ साली राज्यात बंदी आली, ते एका परीने बरेच झाले. लगद्याचा डोंगर अधिक खरा दिसतो. मधून चार इंच रुंदीची नागमोडी वाट काढली.

आता नियम. युद्धाचा खेळ नियमांत बांधण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ, सेनेची चार अंगेच. फाशांवर चौघांनी खेळावयाचा त्याचा एक प्रकार अल् बिरूनीने अकराव्या शतकात भारतात नोंदवून ठेवला आहे. बुद्धिबळात दैवाला जागा नाही. सगळे मोहरे दोघांनाही दिसतात. पण रणांगणावर धुके असते, बंदूक ओली होते, माणूस घाबरतो. हे खेळात आणण्याचा पद्धतशीर प्रयत्न प्रशियात झाला. राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ साली आपल्या राजापुढे असे एक मेज मांडले. त्याच्या लष्करी अधिकारी मुलाने १८२४ साली नकाशा, फासे आणि पंच घेऊन त्याचे रीतसर नियम केले, आणि सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणात तो खेळ शिरला. दुसरा प्रयत्न एच. जी. वेल्स या कादंबरीकाराचा. त्याने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले आणि दिवाणखान्याच्या जमिनीवर, स्प्रिंगच्या तोफांनी लाकडी गोळे मारून, शिशाच्या शिपायांची युद्धे लावली. पुस्तकाच्या अखेरीस त्याने लिहिले आहे ते साधारण असे की, ज्यांना युद्धाची हौस आहे त्यांनी ती येथे भागवावी, कारण खरे युद्ध ही फारच महागडी घोडचूक आहे. पुढच्याच वर्षी, १९१४ च्या ऑगस्टमध्ये, महायुद्ध पेटले.

या दोघांमध्ये मला एक धडा दिसतो. एकाच साधनाने एकाने युद्धाची तयारी केली आणि दुसऱ्याने युद्धाचा कंटाळा शिकवू पाहिला. तेव्हा बाहुल्या आणि फासे काही शिकवीत नाहीत. तुम्ही गुण कशाला देता, ते शिकवते. नियमांच्या वहीतले शेवटचे पान, जेथे जय-पराजय मोजतात, तेच खरे पान.

आमचे नियम एका पानावर मावतात. वाटेने चालणारा सहा इंच जातो, रानातून जाणारा तीन. बंदूक बारा इंचांपर्यंत पोचते, पाच किंवा सहा पडले तर लागते, आणि पुढचा डाव ती भरण्यात जातो. हातघाईत दोघांनी फासे टाकावयाचे. जो वरच्या अंगाला असेल त्याला एक अधिक. मावळे आरंभी पटावर दिसत नाहीत. त्यांच्या जागी दहा कवड्या मांडतात. त्यांपैकी सहांखाली खूण असते, म्हणजे तेथे दोन-दोन मावळे दडलेले आहेत. बाकीच्या चार कवड्या पोकळ. कोणती कवडी खरी हे खानाला ठाऊक नसते. तिसऱ्या डावानंतर खानाची माणसे तहानेने चार इंचच चालतात. पखालवाला जिवंत असेल तर ही तहान एक डाव पुढे ढकलते. खेळ आठ डावांचा. खानाने कोणत्याही डावात निशाण दाखवून तह मागावा. तह झाला की बैल तेथेच राहतात आणि उरलेली माणसे सुखरूप जातात.

आणि शेवटचे पान. मराठ्यांना हाती आलेल्या प्रत्येक बैलामागे तीन गुण. पण पडलेल्या प्रत्येक मावळ्यामागे दोन वजा. खानाला पार नेलेल्या बैलामागे तीन, आणि जिवंत परतलेल्या माणसामागे एक.

पहिला डाव नरक चतुर्दशीच्या दुपारी झाला. खान व्हावयास कोणी मुलगा तयार होईना. पखालवाला करणारी मुलगी म्हणाली, "मी रायबागन होते." समोर पाच सेनापती. दुसऱ्याच डावात त्यांनी सगळ्या कवड्या उलटल्या आणि हर हर महादेव करीत बाराही जण खाली उतरवले. घनघोर झाले. सहाही बैल मिळाले. मुले टेबलाभोवती नाचली. मग मी वही उघडली. सहा बैलांचे अठरा, पडलेल्या सात मावळ्यांचे चौदा वजा, उरले चार. खानाची नऊ माणसे जिवंत, गुण नऊ. मुलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "असं कसं? आम्ही जिंकलो ना!" एकजण तर म्हणाला, हा नियमच देशद्रोही आहे.

मी काही बोललो नाही. पडलेले सात मावळे उचलून टेबलाच्या कडेला ओळीने ठेवले. त्यांत एक पाठीवर बोटाचा ठसा असलेला होता. तो ज्याने केला होता त्याने तो हातात घेतला आणि बराच वेळ परत ठेवला नाही. मंडळी, त्रिमिती छपाईला मी नाही म्हटले त्याचे कारण हे. यंत्रातून निघालेला शिपाई पडला तर दुसरा छापता येतो. तीन दिवस खपून स्वतःच्या सुईने ज्याचे पागोटे गुंडाळले, त्याला डोंगरावरून उगाच खाली ढकलताना हात अडखळतो. महाराजांचा हात असाच अडखळत असला पाहिजे. सिंहगड सर झाल्यावर परंपरेने त्यांच्या तोंडी जे उद्गार घातले आहेत ते विजयाचे नाहीत, जमाखर्चाचे आहेत. एका पारड्यात गड, दुसऱ्यात सिंह.

दुसरा डाव भाऊबीजेला झाला. या वेळी पाचही सेनापती गप्प. कवड्या उलटावयास कोणी तयार नाही. तीन डाव मोगल चालत राहिले आणि टेबलाभोवती श्वास ऐकू येऊ लागला. चौथ्या डावात पुढच्या वळणावर दोन धनुष्ये, मागच्या वळणावर दोन बंदुका, एवढेच प्रकट झाले. रायबागनने पखालवाल्याभोवती चौघांचे कडे केले आणि त्याला वाचवला, पण वाट दोन्हीकडून बंद. सहाव्या डावात तिने पाहिले की समोर अजून चार कवड्या पडलेल्या आहेत. त्यांतल्या किती पोकळ, हे तिला कळेना. तिने निशाण दाखवले. खेळ संपल्यावर कवड्या उलटल्या, तर चारही पोकळ निघाल्या! हिशेब झाला. मराठ्यांचे अठरा, एका मावळ्याचे दोन वजा, सोळा. खानाची पंधरा माणसे परत गेली, गुण पंधरा. एका गुणाने मराठे विजयी.

"एवढं लुटलं आणि एकच गुण जास्त?" मुलांनी विचारले. ती मुलगी म्हणाली, "आमची माणसं घरी गेली ना." त्यावर त्या मुलाने, ज्याने मोगलांचे डोळे काढावयास नकार दिला होता, त्याने वही माझ्या हातातून घेतली आणि वेगळीच बेरीज केली. पहिल्या डावात दोन्ही बाजूंचे मिळून तेरा; दुसऱ्यात एकतीस. "आजोबा, आम्ही थांबलो तर दोघांचेही वाढले," तो म्हणाला. मी नियम लिहिले होते, पण ही बेरीज मला सुचली नव्हती.

दोन आक्षेप नेहमी येतात, त्यांचे उत्तर देऊन संपवतो. पहिला, की इतिहासपुरुषांचा खेळ करणे हा अवमान आहे. म्हणूनच आमच्या बारांत महाराजांची मूर्ती नाही. ती टेबलामागच्या फळीवर, सिंहासनावर आहे. महाराजांवर फासा टाकावयाचा नाही, हा आमचा पहिला लेखी नियम. पण त्यांच्या माणसांनी जे निर्णय घेतले त्यांचे वजन स्वतःच्या हाताने तोलून पाहणे हा अवमान कसा? २०२५ च्या जुलैत युनेस्कोने रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा अशा बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले, तेव्हा आपण पेढे वाटले. ते किल्ले तेथेच का बांधले आणि चार माणसांनी ते कसे राखले, हे आपल्या मुलांना कळले नाही तर त्या पेढ्यांची गोडी किती दिवस राहणार?

दुसरा आक्षेप, की युद्धाचे खेळ मुलांना क्रूर करतात. करू शकतील. ज्या खेळात मेलेला शत्रू क्षणात नाहीसा होतो आणि मेलेला आपला माणूस बटण दाबताच उठतो, त्या खेळाविषयी मलाही काळजी आहे. आमच्या टेबलावर पडलेला माणूस नाहीसा होत नाही. तो कडेला आडवा पडून राहतो आणि शेवटी वहीत लिहावा लागतो.

मुलांनी आता नवा बेत केला आहे. आपण जेथे बसलो आहोत ती अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी गावे साष्टी बेटावरची. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत १७३७ साली ठाणे आणि साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली, १७३९ च्या फेब्रुवारीत वेसाव्यासमोरचा मढचा किल्ला पडला आणि मे महिन्यात वसई. तेव्हा पुढचा खेळ खाडी ओलांडण्याचा, म्हणजे भरती-ओहोटीचा. ओहोटीची वेळ नियमात कशी बसवावी यावर सध्या वाद चालू आहे, आणि त्यासाठी दोघांनी ठाण्याच्या खाडीवर जाऊन पाणी कधी उतरते ते घड्याळ लावून पाहिलेही. पोर्तुगीज कोण होणार यावर मात्र या वेळी भांडण झाले ते उलटे. तिघे तयार आहेत.

शेजारच्या खोलीत ती खिंड मांडून ठेवली आहे. कार्यक्रम संपल्यावर जरूर पाहा. हनुवटी टेबलाला टेकून, एक डोळा मिटून पाहिलेत तर अधिक दिसेल. दोन मावळ्यांचा रंग अजून ओला आहे, त्यांना कृपा करून हात लावू नये. आणि आपल्यापैकी कोणाला खान व्हावयाचे असेल तर जागा रिकामी आहे.